आधी प्रश्न, मग माइक: एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांचं संशोधन आणि सादरीकरण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन शिकवते. मुलांच्या भाषेत पीएसएम. दरवर्षी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची चार-पाच मुलं डिपार्टमेंटच्या दारात उभी राहतात आणि म्हणतात, "मॅडम, रिसर्च करायचाय." मग जे प्रश्न निघतात ते बहुतेक तेच असतात. पालकांचे फोन येतात, त्यांचेही तेच. ते एका जागी लिहून काढावेत असं वाटलं ते एका विद्यार्थिनीमुळे. दुष्काळी तालुक्यातल्या गावातून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिल्या जर्नल क्लबमध्ये, म्हणजे शोधनिबंध वाचून त्यावर चर्चा करायच्या बैठकीत, तिने कागद चेहऱ्यासमोर धरून वाचला होता, आम्हाला फक्त तिची बोटं दिसत होती. चौदा महिन्यांनी तीच मुलगी एका परिषदेत परीक्षकांना शांतपणे उत्तरं देत होती. त्या चौदा महिन्यांत काय झालं ते तिच्या परवानगीने आणि नाव न घेता इथे अधूनमधून येईल.

संशोधन आणि भाषण, हे दोन वेगळे विषय नाहीत का? तुम्ही ते एकत्र का शिकवता?

मलाही आधी वेगळेच वाटायचे. संशोधन डिपार्टमेंटमध्ये, भाषणाची तयारी गॅदरिंगच्या वेळी. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मुलगा मंचावर जिथे अडखळतो, त्याच जागी त्याच्या संशोधनातही भोक असतं. "आम्ही रँडमली पेशंट निवडले" हे वाक्य तो घाईघाईने, खालच्या आवाजात उरकतो, कारण ते रँडमली निवडलेलेच नसतात. ओपीडीत जे भेटले ते घेतलेले असतात. जे काम स्वतःच्या हाताने आणि समजून केलंय ते सांगताना आवाज आपोआप वर येतो.

म्हणून आमच्याकडे संशोधनाच्या प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थी उभा राहून बोलतो. विषय ठरला की पाच मिनिटं, प्रश्नावली तयार झाली की पाच मिनिटं, पहिले दहा पेशंट झाले की पाच मिनिटं. समोर मी, एक-दोन पीजी (पदव्युत्तर) रेसिडेंट आणि सोशल वर्कर. बोलताना जे सांगता येत नाही ते त्या आठवड्याचं काम. त्या विद्यार्थिनीच्या वहीत मागच्या पानावर अशी यादी असायची: "कंट्रोल्ड बीपी म्हणजे नेमकं किती? सांगता आलं नाही." पुढच्या वेळी त्यावर काट मारलेली असायची.

कधी सुरुवात करावी?

दुसरं वर्ष सर्वांत बरं. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीतून डोकं वर निघत नाही, आणि शेवटच्या वर्षी वॉर्ड सोडवत नाहीत. पहिल्या वर्षात फक्त ऐका. कुठलंही डिपार्टमेंट जर्नल क्लबला मागच्या बाकावर बसू देतं.

आयसीएमआरची एसटीएस म्हणजे नेमकं काय?

शॉर्ट टर्म स्टुडंटशिप. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून ही योजना चालवते. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातल्या गाईडच्या हाताखाली दोन महिन्यांचा छोटा अभ्यास करायचा. आधी ऑनलाइन प्रस्ताव द्यायचा, तो मंजूर झाला तर काम करायचं, मग अहवाल पाठवायचा. अहवाल मान्य झाला तरच प्रमाणपत्र आणि विद्यावेतन मिळतं, प्रस्ताव मंजूर झाला म्हणून नव्हे. बऱ्याच मुलांचा इथे गैरसमज असतो आणि प्रस्ताव मंजूर झाल्यावर ती ढिली पडतात.

तारखा, पात्रता आणि रक्कम त्या-त्या वर्षीच्या सूचनेत वाचा. सीनियरने सांगितलेलं मागच्या वर्षीचं असतं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीही विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची संशोधन योजना आहे, तीही बघा. आणि दोन्हीकडे नाही मिळालं तरी अभ्यास करता येतो. बीपीचं मशीन, छापील प्रश्नावली आणि एथिक्स कमिटीची (संशोधनात माणसांच्या हिताची काळजी घेणाऱ्या समितीची) परवानगी एवढ्यावर चांगलं काम झालेलं मी पाहिलंय.

गाईड कसा शोधायचा? एचओडींकडेच (विभागप्रमुखांकडेच) जावं का?

पद बघून जाऊ नका. वेळ कोण देतं ते बघा. ज्या शिक्षकाच्या केबिनबाहेर पीजी मुलं प्रबंधाची चोपडी घेऊन बसलेली असतात आणि बाहेर पडताना त्या चोपडीवर लाल पेनाच्या खुणा असतात, तो शिक्षक वाचतो. त्यांच्याकडे जा.

जाताना "मॅडम, काहीतरी टॉपिक द्या ना" असं म्हणू नका. एक पान लिहून न्या: मला हे दिसलं, हे कळलं नाही, हे शोधावंसं वाटतं. ते पान चुकीचं असलं तरी चालेल. कोऱ्या हाताने आलेल्या मुलाला विषय दिला तर तो शेवटपर्यंत माझाच राहतो, त्याचा होत नाही. आणि गाईडने पंधरा दिवसांत एकदाही तुमचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं नाही, तर नम्रपणे दुसरं दार ठोठवा. त्यात अपमान कुणाचाच नाही. गाईडचं अर्धं काम ऐकणं हेच आहे असं मला मनापासून वाटतं. विद्यार्थी अडखळत असताना त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, हे मला शिकायला बराच काळ लागला.

विषय सुचत नाही. कुठून आणायचा?

ओपीडीतून. वॉर्डातून. आरोग्य केंद्राच्या बाकावरून.

आमच्या शहरी आरोग्य केंद्रात बुधवारी बीपी-शुगरचे पेशंट येतात. त्या विद्यार्थिनीची तिथे पोस्टिंग होती. एका आजींचं बीपी वाढलेलं निघालं. तिने विचारलं, "आजी, गोळी रोज घेता ना?" आजींनी नायलॉनच्या पिशवीतून स्ट्रिपा काढल्या, प्रत्येक अर्धी-अर्धी संपलेली, आणि म्हणाल्या, "रोज कशाला? डोकं दुखलं की घेते." दुसरं कुणी हसून पुढचा पेशंट बोलावला असता. ही संध्याकाळी डिपार्टमेंटला आली आणि म्हणाली, "मॅडम, अशा किती जणी असतील?" विषय तिथेच ठरला. बीपीचे पेशंट गोळ्या नेमाने घेतात का, आणि घेत नसतील तर का नाही.

आपल्याकडे याची मोठी परंपरा आहे. डॉ. हिंमतराव बावसकर रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा विंचूदंशाने माणसं त्यांच्यासमोर दगावत होती. त्यांनी खाटेशेजारी बसून टिपणं काढली: उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले. १९८२ साली ती निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली, पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार आला. एमआरआय तर सोडाच, साधनं म्हणून त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. १९८९ च्या त्यांच्या शोधनिबंधात दिसलं की ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि तोवर त्याची कुणी मोजदादच केली नव्हती. पुढे त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. ते काम १९९९ मध्ये छापून आलं, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्यामागे त्या कामाचा मोठा हात आहे. हे सगळे प्रश्न खेड्यात, समोरच्या माणसाकडे नीट बघितल्यामुळे सुचलेले होते.

पण एमबीबीएसचा विद्यार्थी खरंच नवीन काही शोधू शकतो का?

जे मॅकलीन हा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता. १९१६ मध्ये तो विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता आणि हाती लागला तो उलटा, रक्त गोठू न देणारा. हेपॅरिनची कथा तिथून सुरू होते. रोज आयसीयूत वापरतो ते हेपॅरिन. तुमच्याकडून एवढी अपेक्षा कुणी करत नाही, पण "विद्यार्थी आहे" ही सबब नाही एवढं लक्षात ठेवा.

सॅम्पल साइझ, म्हणजे अभ्यासात किती माणसं घ्यायची, ती कशी ठरवायची? सगळे ३८४ च का लिहितात?

कारण कॉपी करतात. हे नीट समजून घ्या, परीक्षक हमखास विचारतात.

आपल्या पीएसएमच्या पुस्तकातलं साधं सूत्र: ४ गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे आधीच्या अभ्यासांवरून अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, एल म्हणजे किती टक्के इकडे-तिकडे झालेलं चालेल. समजा आधीच्या अभ्यासात ४० टक्के लोक गोळ्या नेमाने घेत होते आणि तुम्हाला १० टक्क्यांची चूक चालणार आहे. ४ × ४० × ६० भागिले १००, म्हणजे ९६. तीच चूक ५ टक्क्यांवर आणली की भागाकार २५ ने होतो आणि आकडा ३८४ होतो. चूक निम्मी केली की माणसं चौपट लागतात. दोन महिन्यांत, कॉलेज सांभाळून, प्रत्येकाशी वीस मिनिटं बोलून ९६ होतात. ३८४ होत नाहीत, आणि मग मुलं झाडाखाली बसून फॉर्म भरतात. खोटा ३८४ पेक्षा खरा ९६ कितीतरी मोलाचा. तुम्हाला फक्त सांगता आलं पाहिजे की १० टक्के का स्वीकारले, आणि "वेळ आणि मनुष्यबळ एवढंच होतं" हे प्रामाणिक उत्तर आहे.

एथिक्स कमिटीची भीती वाटते. नुसती प्रश्नावली आहे, तरी परवानगी लागते?

लागते. माणसाला प्रश्न विचारायचा म्हणजे त्याचा वेळ आणि त्याची खासगी माहिती घ्यायची. कमिटीच्या बैठका ठराविक दिवशीच होतात, त्यामुळे कागद लवकर द्या. संमतीपत्र मराठीत हवं, आणि ते आजींना कळेल अशा मराठीत. "सदर संशोधनात सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा आहे" हे वाक्य आमच्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं. मी तिला केंद्रातल्या मावशींसमोर ते वाचायला लावलं. मावशी म्हणाल्या, "म्हंजी काय?" तिने बदललं: "यात भाग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील." संमतीपत्र मोठ्याने वाचून बघा. भाषणाची पहिली तालीम तीच.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजीत उभं राहून बोलायचं म्हटलं की घाम फुटतो.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि बहुतेक वेळा दार लोटून घेतल्यावर.

आनंदीबाई जोशी आठवा. कल्याणची मुलगी, शाळेचं सलग शिक्षण नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, अठराही पूर्ण नसताना, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात ती इंग्रजीत बोलली. वैद्यकी शिकायला अमेरिकेला जाणार म्हणून लोक टोचून बोलत होते. तिने भाषणात काय केलं? लोक विचारत होते तेच प्रश्न घेतले. अमेरिकेलाच का? इथे शिकता येत नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? असे सहा प्रश्न, आणि एकेकाचं उत्तर. मला ते भाषण वैद्यकीय सादरीकरणाचा उत्तम नमुना वाटतं. तीन वर्षांनी फिलाडेल्फियात तिने पदवीसाठी प्रबंध लिहिला तोही आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्रावर.

आता कामाचं. आधी पूर्ण भाषण मराठीत करा, रूममेटसमोर, कागद न घेता. मराठीत सांगता येत नसेल तर अडचण इंग्रजीची नाही, विषय अजून कच्चा आहे. मराठीत जमलं की छोट्या इंग्रजी वाक्यांत आणा. एका वाक्यात एकच गोष्ट. "व्हिच", "व्हेअरबाय" लावून वाक्य लांबवू नका. जे वीस-पंचवीस शब्द पुन्हा पुन्हा येणार आहेत त्यांचे उच्चार मोबाइलवरच्या शब्दकोशात ऐका आणि मोठ्याने म्हणा. आमची मुलगी "अ‍ॅडहिअरन्स" (गोळ्या नेमाने घेणं) या शब्दावर दर वेळी अडकायची. आठ दिवस ती मेसकडे जाताना तो शब्द पुटपुटत जायची. आपल्या उच्चाराला मराठी वळण असणारच, ते घालवायच्या मागे लागू नका. शब्द कळला पाहिजे, बस्स.

शाळेत वक्तृत्व स्पर्धेच्या ढाली मिळवल्यात. त्याचा उपयोग होईल ना?

आवाजाचा आणि धीराचा होईल. बाकी बरंच विसरावं लागेल. शाळेत आपण पाठ करतो, "सन्माननीय व्यासपीठ" म्हणून सुरू करतो, मध्ये कवितेच्या दोन ओळी पेरतो, शेवटी आवाज चढवतो. संशोधन सांगताना श्रोत्याला भारावून टाकायचं नसतं, त्याला तपासू द्यायचं असतं. मी दोन-तीन उत्तम वक्ते मुलं पाहिली जी पहिल्या मॉकमध्ये, म्हणजे सरावाच्या सादरीकरणात, दणक्यात बोलली आणि "बीपी कुठल्या हाताला मोजलं?" एवढ्या प्रश्नावर गप्प झाली. त्यातल्या एकाने मग तीन दिवस केंद्रात बसून स्वतः बीपी मोजली. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवायचं, हात हृदयाच्या पातळीला टेकवायचा, कफ दंडाच्या मापाचा घ्यायचा, दोनदा मोजायचं. पुढच्या वेळी त्याचा आवाज थोडा खाली आला होता, आणि मला तो फार आवडला.

आठ मिनिटं दिलीत. काय बोलू, काय सोडू?

आठ मिनिटांत सावकाश बोललं तर नऊशे-हजार शब्द होतात. परिषदेचं वेळापत्रक कायम मागे पडलेलं असतं, म्हणून सातच मिनिटांचं तयार करा.

पहिलं मिनिट प्रश्नाला द्या. "हायपरटेन्शन इज अ मेजर पब्लिक हेल्थ प्रॉब्लेम" या वाक्याने सुरुवात करू नका, समोरच्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. आमच्या मुलीने पहिल्या स्लाइडवर फक्त अर्ध्या वापरलेल्या स्ट्रिपांचा फोटो लावला आणि आजींचं वाक्य मराठीतच म्हटलं. हॉल शांत झाला. मग दोन मिनिटं पद्धत: कोण, कुठे, किती, कसं मोजलं. तीन मिनिटं निकाल, आणि त्यात दोनच तक्ते किंवा आलेख. तुमच्याकडे चौदा तक्ते असतील, ते शेवटी राखून ठेवा, कुणी विचारलं तर दाखवा. उरलेलं मिनिट मर्यादांना आणि पुढे काय याला. मर्यादा स्वतः सांगा, परीक्षकाने काढायची वाट बघू नका.

स्लाइडवर एका वेळी एक गोष्ट, अक्षर मागच्या रांगेतून दिसेल एवढं. तक्त्यावर बोट ठेवल्यासारखं सांगा: "डावीकडचा रकाना बघा, हे नियमित घेणारे." फाइल पीडीएफ करून वेगळ्या पेनड्राइव्हवरही ठेवा. एकदा आमच्या एका मुलाच्या स्लाइडवरची सगळी मराठी अक्षरं परिषदेच्या संगणकावर चौकोन होऊन उमटली. त्याच्या प्रश्नावलीतले प्रश्न मूळ मराठीत दाखवायचे होते, तोच त्याचा मुख्य मुद्दा होता. तो बिचारा तोंडी सांगत राहिला, चांगलं सांगितलं, पण ते दृश्य मला अजून आठवतं.

उभं राहिलं की हात थरथरतात, घसा कोरडा पडतो. काय करू?

सगळ्यांचं होतं. अ‍ॅड्रिनलिन तुम्ही शिकला आहात. पहिली तीन वाक्यं मात्र तोंडपाठ ठेवा. शरीर सावरेपर्यंत तेवढी पुरतात. हातातला लेझर पॉइंटर थरथर दहापट करून पडद्यावर दाखवतो, तो ठेवून द्या. बोलण्याआधी रिकाम्या हॉलमध्ये जाऊन एकदा मंचावर उभं राहून या. पाणी जवळ ठेवा. आणि मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग करून ऐका. पहिल्यांदा ऐकवत नाही. तिसऱ्यांदा ऐकताना तुम्हाला स्वतःच कळतं की "सो बेसिकली" किती वेळा आलं.

प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही तर?

या पानावरचं माझ्या दृष्टीने हे सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे. भाषण तयार करता येतं, प्रश्न तयार नसतो. विद्यार्थी खरा कुठपर्यंत पोचला ते इथे दिसतं.

उत्तरांचे तीन कप्पे करा. पहिला, मला माहीत आहे आणि ते मी मोजलंय. दुसरा, मी मोजलं नाही, पण दुसऱ्यांनी मोजलंय आणि मी वाचलंय. तिसरा, मला माहीत नाही. तिन्ही उत्तरं सन्मानाची आहेत. फक्त एका कप्प्यातलं उत्तर दुसऱ्यात टाकायचं नाही.

बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने १८६९ मध्ये प्रबंध लिहिला. स्वादुपिंडात त्याला पेशींची छोटी बेटं दिसली होती. ती काय काम करतात हे त्याला समजलं नव्हतं, आणि त्याने तसं साफ लिहिलं. काहीतरी ठोकून दिलं नाही. १९२१ मध्ये टोरँटोत डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांच्याबरोबर चार्ल्स बेस्ट हा पदवीची परीक्षा नुकतीच दिलेला तरुण इन्शुलिनवर काम करत होता, ते याच बेटांतून येणारं इन्शुलिन. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याने "मला माहीत नाही" असं नीट नोंदवून ठेवलेलं होतं.

आमच्या मुलीला परिषदेत विचारलं गेलं, "पेशंट गोळ्या घेतो म्हणाला, यावर तुम्ही विश्वास कसा ठेवला?" जुनी असती तर रडवेली झाली असती. ती दोन सेकंद थांबली. म्हणाली, "सर, पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. जमेल तिथे मी स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, पण सगळ्यांनी स्ट्रिप आणली नव्हती. त्यामुळे नियमित घेणाऱ्यांचा माझा आकडा खऱ्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे." परीक्षकांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. मी मागच्या रांगेत होते. बक्षीस दुसऱ्याला मिळालं, आणि ते योग्यच होतं, त्या मुलाचं काम मोठं होतं. पण माझ्यासाठी तिची परीक्षा त्या दोन सेकंदांत पूर्ण झाली होती.

सराव कसा करायचा? मॉकमध्ये आमच्याकडे आठ मिनिटं भाषण आणि पंधरा मिनिटं प्रश्न असतात. दुसऱ्या डिपार्टमेंटची मुलं मुद्दाम बोलावतो. ऑर्थोचा रेसिडेंट जो प्रश्न विचारतो तो पीएसएमवाल्याला सुचत नाही.

पोस्टर चांगलं की ओरल?

पहिल्या वेळी पोस्टर. समोर एकेक माणूस येतो, तुम्ही तेच दहा वेळा सांगता, आणि दहाव्या वेळी ते सुरेख झालेलं असतं.

चॅटजीपीटीकडून भाषण आणि अहवाल लिहून घेतला तर चालेल का?

व्याकरण तपासायला मी हरकत घेत नाही. पण संदर्भ मागू नका, कधी कधी अस्तित्वातच नसलेले शोधनिबंध ते आत्मविश्वासाने देतं. प्रत्येक संदर्भ पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर, स्वतः उघडा आणि वाचा. आणि दुसऱ्याने लिहिलेलं भाषण प्रश्नोत्तरांत पहिल्या मिनिटाला उघडं पडतं, मग लिहिणारं यंत्र असो वा सीनियर.

"पैसे भरा, महिन्यात पेपर छापून देतो" असे मेल येतात. खरे असतात का?

त्यापासून लांब राहा. पैसे घेणारी सगळीच नियतकालिकं वाईट नसतात, पण जे न वाचता, चार दिवसांत, कौतुक करून स्वीकारतात त्यांना तुमच्या कामाशी देणंघेणं नाही. नियतकालिक पबमेडच्या यादीत आहे का, त्यातले लेख वाचवतात का, हे गाईडबरोबर बसून बघा.

लेखकांच्या यादीचंही इथेच सांगते. ज्याने काम केलं, लिहिण्यात भाग घेतला, शेवटचा मसुदा वाचून मान्य केला आणि त्याची जबाबदारी घेतली, त्याचंच नाव लेखक म्हणून यावं. हे पहिल्याच महिन्यात गाईडशी स्पष्ट बोला आणि वहीत लिहून ठेवा. छापायच्या वेळी बोललात तर मनं दुखावतात. तुम्ही राबलात आणि नाव तिसऱ्याचंच पुढे आलं, असं झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांनी पुन्हा संशोधनाचं नाव काढलं नाही. ते नुकसान फार मोठं आहे.

प्रस्ताव नामंजूर झाला. आता?

झाला तर झाला. त्याच प्रस्तावावर दोन वेगळ्या शिक्षकांचं मत घ्या. बहुतेक वेळा उद्दिष्टं पाच-सहा असतात आणि वेळ दोन महिन्यांचा. दोन उद्दिष्टं ठेवा आणि काम सुरू करा. आमच्या विद्यार्थिनीचाही पहिला प्रस्ताव परत आला होता.

मुलगी या नादात पीजीच्या तयारीत मागे पडेल का? (पालकांचा प्रश्न)

काळजी रास्त आहे. म्हणून आम्ही परीक्षेच्या आधीचे दोन महिने संशोधनाचं नावही काढत नाही. बाकी वेळी आठवड्याला पाच-सहा तास जातात. त्या तासांत ती पेशंटशी बोलायला शिकते, आकडे वाचायला शिकते, स्वतःची चूक सांगायला शिकते. वॉर्डात राऊंडला केस प्रेझेंट करताना त्याचा फरक दिसतो, तो तुम्ही तिच्या मेडिसिनच्या सरांना विचारा.

प्रगती होतेय हे कसं ओळखायचं?

टाळ्यांवरून नाही, प्रमाणपत्रांच्या संख्येवरूनही नाही. मी तीन गोष्टी बघते. "मला माहीत नाही" म्हणताना मान खाली जाते का. दुसऱ्याच्या सादरीकरणात स्वतः प्रश्न विचारायला हात वर होतो का. आणि स्वतःचा निकाल आईला फोनवर सांगता येतो का. आमच्या मुलीने ज्या रात्री होस्टेलच्या गच्चीवरून आईला कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असेल तो पट्टा) समजावून सांगितला, त्या रात्री तिने मला मेसेज केला होता: "मॅडम, आईला कळलं! म्हणजे खळं केल्यावर ज्वारी अंदाजे किती पोती होईल ते सांगतो तसं, म्हणाली."

अहवाल दिला, परिषद झाली. मग काम संपलं?

नाही. ज्यांनी माहिती दिली त्यांना काय सापडलं ते सांगायचं राहिलेलं असतं. हे बहुतेक ठिकाणी होत नाही, आणि मला ते सलतं.

आम्ही पुन्हा बुधवारीच केंद्रात गेलो. स्लाइड नाहीत, माइक नाही. बाकांवर पंचवीस-तीस माणसं, दारात आशाताई. तिने एक कार्डबोर्डवर चिकटवलेली मोठी स्ट्रिप आणली होती आणि ती सांगत होती की बरेच जण त्रास झाला तरच गोळी घेतात, पण बीपी बहुधा दुखत नाही, आतल्या आत वाढतं. गोळ्या संपल्या म्हणून थांबणारे कितीतरी होते, त्यावर केंद्राच्या डॉक्टरांनी एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या द्यायचं ठरवलं, तेही तिने तिथेच जाहीर केलं. कागद तिच्या हातात नव्हता.

मधल्या बाकावरून त्याच आजी म्हणाल्या, "मग पोरी, डोकं दुखत नसलं तरी घ्यायची म्हणतीस?"

"हो आजी. रोज. सकाळी चहाच्या वेळेला."

आजींनी पिशवी उघडली, स्ट्रिप काढली, आणि शेजारच्या बाईला दाखवत एकेक गोळी बोटाने मोजायला लागल्या.